दोन बोटांची फट

बळीराम घरताच्या हातात लोखंड आलं की मुकाट वाकायचं. न्हावा शेव्याच्या बंदरात पंचवीस वर्षं फिटरकी केलेला माणूस तो. गंजलेला बोल्ट असो की ट्रकच्या फाळक्याची बिजागरी, बळीरामने हात लावला आणि काम अडलं असं सहसा झालं नव्हतं. पण त्याच्याच घरातल्या सागवानी कपाटाचा मधला खण मात्र सात वर्षं त्याच्या नाकावर टिच्चून दोन बोटं बाहेर राहिला होता.

त्या खणाने घरातल्या कोणालाच सोडलं नव्हतं. बायकोचा, जनीचा, पदर त्यात अडकायचा. मुलगा निकेश मोबाइल बघत चालायचा आणि कंबर आपटून घ्यायचा. पाहुणा आला तर आधी खणाला धडकायचा, मग त्याला 'बसा' म्हणायची वेळ यायची. खण पुढे ओढला तर वीतभर गुमान यायचा, आतल्या आडकाठीमुळे पुरता बाहेर मात्र निघायचा नाही. मागे ढकलला की शेवटची दोन बोटं उरायची आणि तिथे तो जो अडायचा तो अडायचाच. बळीरामने साबण घासला, मेणबत्ती घासली, खोबरेल तेल पाजलं. एकदा रागाच्या भरात रंधा आणून बाहेर आलेल्या दोन्ही कडा तासल्या, तर खण सैल होऊन डुगडुगायला लागला, पण बंद काही झाला नाही. पनवेलहून सुतार आणला. त्याने दोन टिचक्या मारल्या, चहा घेतला आणि "लाकूड फुगलंय, उन्हाळ्यात बसेल" असं सांगून तो गेला. त्यानंतर चांगले चार उन्हाळे झाले.

"बाबा, तो तुम्हाला जीभ दाखवतोय," निकेश म्हणायचा.

"तुज्या बापाला दाखवतंय ना? मंग तुना काय झाला?" बळीराम गुरकायचा.

थट्टा थट्टेच्या जागी. पण खरी गोष्ट अशी होती की त्या खणाकडे नजर गेली की बळीरामला एक दिवस आठवायचा, आणि तो दिवस त्याला आठवायला नको होता. खण त्याच दिवसापासून बिघडला होता.

त्या दिवशी गाव सोडायचं होतं. विमानतळासाठी अख्खं गाव उठलं, पनवेलच्या बाजूला नव्या वसाहतीत प्लॉट मिळाले, आणि मे महिन्याच्या रणरणत्या उन्हात घरतांचं बिऱ्हाड टेंपोत चढत होतं. मदतीला भागी होती. गावाबाहेरच्या वीटभट्टीवर तिचा नवरा कामाला, आणि ही जनीच्या हाताखाली. भात झोडायचं असो, मासळी वाळवायची असो, 'भागे' म्हणून हाक मारली की भागी हजर. कातकऱ्याची बाई, अंगाने काटकुळी, पण उचलायला दोन गड्यांना भारी. पहाटेपासून तिने भांडी बांधली, पोती उचलली, पलंग सोडवला. पहिल्या खेपेला चूल-भांडी, देव आणि पाण्याचे माठ गेले. दुसऱ्या खेपेसाठी कपाट काढलं. दार बुटकं, म्हणून ते पार आडवं करून, वाकडंतिकडं करत अंगणात आणलं आणि उभं केलं.

जनीने खण ओढला. बाकी सगळं आधीच काढलं होतं, फक्त सासूची पुतळ्यांची माळ लाल फडक्यात बांधून तिथेच ठेवली होती. ती शेवटी आपल्या कमरेला खोचायची, असा तिचा बेत. खण रिकामा होता.

मग जो काय गोंधळ उडाला! पोती उलटीपालटी झाली, गाद्या झटकल्या. खणात हात घालून घालून सगळ्यांनी पाहिलं. मागच्या फळीला बोटं लागली की हात बाहेर. त्या फळीच्याही मागे काही असेल, हा विचार एकालाही शिवला नाही. आणि मग, कोणी तोंडाने बोललं नाही, पण सगळ्यांचे डोळे एकाच माणसाकडे वळले. घरात परकं दुसरं होतं कोण?

"पोलिसात जाऊ," भावकीतलं कोणीतरी म्हणालं.

"पोलीस नको," बळीराम म्हणाला. "काशिरामला बोलवा. तांदूल देऊ. घरातला घरात मिटंल."

हे त्याचेच शब्द. सात वर्षांत ते त्याने दुसऱ्या कोणाच्या तोंडी घालून पाहिले, पण ते फिरून त्याच्याच तोंडी यायचे.

काशिराम गावचा भगत. त्याने मूठभर तांदूळ पुढ्यात घेतले, काहीबाही पुटपुटला आणि प्रत्येकाच्या हातावर चिमूट चिमूट ठेवली. रीत जुनी होती. तांदूळ चावायचा आणि पळसाच्या पानावर थुंकायचा. ज्याच्या मनात काही नाही त्याचा ओला निघतो, चोराचा कोरडा. भीतीने चोराच्या तोंडचं पाणी पळतं म्हणतात.

पहिला मान घरच्या कर्त्याचा. बळीरामने चिमूट तोंडात टाकली आणि चावायला लागला. चावतो, चावतो, पण तोंडात पीठच पीठ. लाळेचा थेंब नाही. जीभ टाळूला चिकटलेली. पान तोंडाशी नेऊन थुंकला तर पांढरा भुगा, चक्कीतून पडावा तसा. कोणी वाकून बघायच्या आत त्याने पान मुठीत चुरगळलं.

"झाला," तो म्हणाला, आणि मूठ धोतराआड गेली. यजमानाची मूठ कोण उघडायला जातो?

जनीच्या गालात सकाळपासून मशेरी, तिचा तांदूळ लगदा निघाला. निकेशच्या तोंडात च्युइंगम, त्याचा लगदा. भावकीतल्यांचाही ओलाच. सगळ्यात शेवटी भागी. तिने पान दोन्ही हातांवर धरून पुढे केलं, देवाला नैवेद्य दाखवावा तसं. तांदूळ कोरडा ठणठणीत होता.

"दादा, मी नाय घेतला," ती म्हणाली. मग पानाकडे बघत राहिली, आणि हळूच, जणू खरंच विचारत असल्यासारखी म्हणाली, "मंग ह्यो सुका कसा निंगला?"

त्याचं उत्तर बळीरामच्या मुठीत होतं. त्याने मूठ उघडली नाही. जनी म्हणाली, "उद्यापासना दारात येव नको," आणि भागी आली तशी गेली.

पुढे कानावर यायचं ते आलं. भट्टीवाल्याने तिच्या नवऱ्याला काढलं, चोरटीचं बिऱ्हाड नको म्हणून. दोघं पोरीला घेऊन नेरे गावाच्या पुढे, डोंगराखालच्या वाडीवर परत गेली. दोन वर्षांपूर्वी बळीराम पनवेलच्या बाजारात मासळी घ्यायला गेला होता, तर गल्लीच्या तोंडाशी टोपली घेऊन भागी बसलेली. टोपलीत शेवळाची रानभाजी. तिने त्याला पाहिलं आणि पदर पुढे ओढला. लाजायला हवं कोणी आणि लाजलं कोण! बळीराम मासळी न घेताच मागे फिरला. 'कोळंबी ताजी नव्हती' असं त्याने घरी सांगितलं, आणि त्या गल्लीत पुन्हा पाऊल टाकलं नाही.

तर असा तो खण. यंदा गणपतीला पंधरा दिवस उरले असताना घराचं रंगकाम काढलं, तेव्हा निकेशने निर्वाणीचं सांगितलं.

"बाबा, हे कपाट रविवारी भंगारवाल्याला देतोय मी. हॉलमध्ये नवीन वॉर्डरोब बसवू. यावर चर्चा नको."

"माज्या आयसचा कपाट हाय तो!"

"मग आजीलाच सांगा खण बंद करायला."

झालं. बळीराम पेटला. रविवारी सकाळी निकेश बाहेर गेल्याबरोबर त्याने कपाट भिंतीपासून ओढलं. सात वर्षं समोरून झगडत होतो, म्हणाला, आज पाठीमागून घुसतो. पाठीची पातळ फळी बारीक खिळ्यांनी ठोकलेली होती. एक एक खिळा त्याने पकडीने असा हळू काढला की फळीला ओरखडा नाही. फळी निघाली. आत धूळ, उंदराच्या लेंड्या, झुरळांची अंडी आणि खणाच्या मागे, चौकटीच्या कोपऱ्यात, घट्ट बसलेला एक चिंधीचा बोळा. धुळीने काळा पडलेला. बळीरामने तो स्क्रूड्रायव्हरने उचकटला, न बघता कचऱ्यात भिरकावला, आतून फडकं फिरवलं आणि पुढे येऊन खण लोटला.

टक्.

खण बसला. कपाटाच्या चौकटीला सरळ, इकडे नाही की तिकडे नाही. बळीरामने बोट फिरवून पाहिलं. फट नाही! त्याने खण ओढला, पुन्हा लोटला. टक्. पुन्हा ओढला, पुन्हा लोटला. साठी ओलांडलेला माणूस, पण लहान पोरासारखा खुदकन हसला.

"जने! आगो जने, लवकर ये!"

जनी हात पुसत आली. त्याने एका बोटाने, फक्त करंगळीने, खण बंद करून दाखवला.

"आता बोल! कोनाचा वॉर्डरोब नि कोनाचा काय! बंदराचा फिटर हाय मी, गम्मत नाय!"

"सात वर्सांनी अक्कल आली, ती बी मागल्या दारानं," जनी म्हणाली, पण तीही हसत होती. तिने स्वतः दोनदा खण उघडझाप केला. "च्या टाकते," ती म्हणाली. "पन आदी ह्यो उकिरडा भरते."

बळीराम पाटावर बसून खणाकडे बघत राहिला. किती दिवसांनी जिवाला असा गारवा वाटत होता! त्या खणाकडे बघून आज पहिल्यांदाच त्याला तो दिवस आठवला नाही. आता आठवणारही नाही, असं त्याच्या मनाने परस्पर ठरवूनही टाकलं.

केरसुणीचा आवाज थांबला.

"आवो," जनी म्हणाली. आवाज निराळाच होता.

तिच्या हातात चिंधीचा बोळा होता. धूळ झटकल्यावर कापड लाल निघालं. गाठ तिनेच सात वर्षांपूर्वी मारलेली, तिच्या बोटांना ती ओळखीची होती. गाठ सुटली आणि पुतळ्यांची माळ तिच्या मांडीवर ओघळली. एकही पुतळी कमी नव्हती.

कपाट आडवं केलं तेव्हा गाठोडं खणातून उसळून खणाच्या मागच्या फळीपलीकडे पडलं होतं, आणि सात वर्षं खणाला मागून धरून बसलं होतं. ज्याला बळीराम रोज शिव्या घालत होता ते लाकूड बिचारं फुगलंच नव्हतं.

मग जनीने माळ कपाळाला लावली आणि देव्हाऱ्यापुढे ठेवली.

"देवाला नारल फोडू," ती म्हणाली. "कोनाला काय बोलू नका. निकेशला बी नको. सात वर्सांचा मुरदा उकरून कोनाचा भला झालाय?"

"आनि भागी?"

"तिचा तांदूल सुका निंगला, त्याला आपुन काय करनार? आपुन थोडाच आल घेतला? देवानं दाखवला."

बळीरामने माळेकडे पाठ फिरवली. "जने," तो म्हणाला, "माजा पन सुकाच निंगलेला."

"काय?"

"तांदूल. मी मुठीत दाबला. पारामागं फेकला."

जनी त्याच्याकडे बघतच राहिली. "तवाच का नाय बोललात?"

"बोललू आसतू तर मना चोर बोलली आसतीस?"

"तुमाला कशाला बोलू? तुमी घरचे!"

"मंग तेच," बळीराम म्हणाला.

जनीला ते कळलं. ती खाली बघत मांडीवरची धूळ झटकत बसली, झटकण्यासारखं काही उरलं नव्हतं तरी. चहाचं आधण ठेवायचं राहूनच गेलं. शेवटी ती उठली, त्याच खणातून गौरीसाठी आणलेलं कोरं लुगडं काढलं आणि त्याच्या हातात दिलं. खण तिच्या धक्क्याने आपोआप बंद झाला. टक्. त्या आवाजाकडे वळूनही न बघता बळीरामने स्कूटरची किल्ली उचलली.

नेऱ्यापर्यंत स्कूटरने वेळ लागला नाही. पुढे वाडीची वाट पायी. वाटेवर शेतघरांची उंच कुंपणं, त्यापलीकडे डोंगराला चिकटून वीसएक झोपड्या. बळीरामने चारदा मागे फिरायचं मनात आणलं. कोणाला काय कळतंय? नारळ फोडला तर देवही गप्प बसेल. पण पाय पुढे पडत राहिले, कारण मागे घरात तो खण होता.

हापशावर चार-पाच बाया पाणी भरत होत्या. त्यांनी बोट दाखवलं. भागी झोपडीपुढे कंटोळी निवडत बसली होती. केस पिकले होते. शेजारी तिची लेक दिपा तान्ह्याला पाजत होती. भागीने मान वर केली आणि सवयीने पदर पुढे ओढला.

"दादा?"

"भागे, माल गावली," बळीराम म्हणाला. वाटभर जुळवलेलं बाकी सगळं भाषण तो विसरला. "खनाच्या मागं पडलेली. तू नाय घेतलीस. कोनीच नाय घेतली."

दिपा ताडकन उठली. "सात वर्सं!" ती म्हणाली. "सात वर्सं माजी आय चोरटी! मना बघायला आले ते बी आयचा नाव आयकून उठून गेले. आनि तू आता येतंस?"

बळीरामने लुगडं धरून पुढे केलेला हात मागे घेतला. भागीने लेकीला हातानेच गप्प केलं. तिचा चेहरा रागाचा नव्हता. तिला काहीतरी उमगत नव्हतं, कोडं पडल्यासारखी ती बघत होती.

"पन दादा, मंग माजा तांदूल सुका कसा निंगला?" तिने विचारलं. तोच प्रश्न, त्याच आवाजात. "तांदूल खोटा कसा बोलंल? मना वाटला, मीच घेतला आसंल, नि मना याद नाय. माजा नवरा बी रोज इचारायचा, कुठं ठेवलास, सांग. मी बिऱ्हाडाची सगली गाठोडी सोडून बघितली, दादा. दोनदा बघितली."

बळीरामला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. शिव्या दिल्या असत्या तर त्या त्याने झेलल्या असत्या. हे कसं झेलायचं?

"माजा बी सुकाच व्हता," तो म्हणाला. "तुज्या आदी. मी पान मुठीत चुरगललं, कोनाला दाखवलं नाय. मना म्हाईत व्हता, भागे. तवाच म्हाईत व्हता, तांदलाला काय कलत नाय. तरी मी गप बसलू."

भागी उठली. झोपडीत गेली, बाहेर आली ती मूठ मिटून. हापशाकडे तोंड करून तिने बायांना हाक घातली. बाया हंडे तिथेच ठेवून आल्या. भागीने बळीरामपुढे मूठ उघडली. तांदूळ होते.

"खा," ती म्हणाली.

इतकी वर्षं 'दादा, दादा' करणारी बाई, पण त्या 'खा'पुढे बळीरामची मान आपोआप खाली गेली. त्याने चिमूट उचलली आणि तोंडात टाकली. हापशावरच्या बाया, दिपा, तिचं तान्हं, सगळे बघत होते. तो चावत राहिला. उन्हातून चालत आलेला, सकाळपासून पोटात चहासुद्धा नाही. तोंडात पीठच पीठ.

"दाखव."

त्याने तळहातावर थुंकलं आणि हात पुढे केला. या वेळी मूठ मिटली नाही. पांढरा भुगा सगळ्यांनी वाकून पाहिला.

"सुका," एक बाई म्हणाली.

"तोंडानं सांग आता त्यांना," भागी म्हणाली. "मना नको सांगू."

आणि बळीराम घरताने, ज्याच्या शब्दाला भावकीत मान होता, त्याने वाडीतल्या बायांना उभ्याने सगळं सांगितलं. माळ कुठे होती ते, त्याचा तांदूळ कसा निघाला ते, पान कुठे फेकलं ते. 'चूक झाली,' तो म्हणाला. 'चूक नाय,' त्याने लगेच दुरुस्त केलं, 'पाप केला मी.' दिपा तान्ह्याला घेऊन झोपडीत निघून गेली, ती परत बाहेर आली नाही.

भागी खाली बसली. बळीरामच्या तळहातावरच्या भुग्याकडे बघता बघता तिच्या कपाळावरच्या आठ्या सुटत गेल्या. सात वर्षांचं कोडं तिला आत्ता सुटत होतं.

"त्या दिशी सकालधरना पानी नव्हता पोटात," ती म्हणाली. "माठ पयल्याच टेंपोत गेलेले. ऊन कसला! मी वयनीला बोलले, घोटभर पानी द्या. ती बोलली, आता तिकरं गेल्यावर पी." तिने भुग्यावरची नजर काढली. "तेवढाच व्हता, दादा. दुसरा काय नव्हता."

ती आत गेली आणि पितळेचा पेला काठोकाठ भरून घेऊन आली. घरतांच्या घरी तिला पाणी ओंजळीत वरून ओतलेलं मिळायचं, पेल्यात कधीच नाही. बळीरामने पेला दोन्ही हातांनी घेतला. काठावरचं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं.

"पी," भागी म्हणाली. "सगला पी. मंग घरी जा नि वयनीला सांग, भागीनं पानी मागितला व्हता म्हनून."

लुगडं तिने घेतलं नाही. बळीराम ते काखेत घेऊन वाडी उतरला.